ओ न देणारी नावं

हाकेला ओ आली नाही की ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या आत्याचे भाडेकरू. सांगलीला आत्याच्या घराच्या माडीवर ते एकटेच राहायचे. मी मूळची फलटणची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सांगलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची कार्डं पंच करायची नोकरी मला लागली आणि मी आत्याकडे राहायला आले. तेव्हा कळलं की ज्यांच्या हाताखाली ही नोकरी करायची तेच गृहस्थ आपल्या डोक्यावर माडीत राहतात. कॉलेजात त्यांना सगळे सर म्हणत. आत्या मात्र त्यांच्या तोंडावरसुद्धा 'आमचे भाडेकरू' असंच म्हणायची, आणि त्या दोन शब्दांत कौतुक, काळजी आणि वैताग हे तिन्ही तिला बरोबर मावायचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि कान असे, की सतत काहीतरी लांबचं ऐकत असल्यासारखे पुढे झुकलेले.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर आत्याच्या मांजरापासून सुरुवात करावी लागेल. मांजर ते मांजर, चार घरं फिरून येणार. पण संध्याकाळी आत्यानं हाक मारली आणि ते आलं नाही, की हे जेवणाच्या पाटावरून उठायचे आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून निरनिराळ्या आवाजांत त्याला हाका मारायचे. भाकरी निवून वातड व्हायची. एकदा सांगलीच्या स्टँडवर कुणीतरी बाई 'महादेवा, ए महादेवा' अशी ओरडत होती आणि महादेव काही सापडत नव्हता. सर कुंडलला आपल्या गावी निघाले होते. गाडी समोर लागलेली. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बाईंकडून महादेवाचं वय, सदऱ्याचा रंग असं सगळं विचारून घेऊन शोध हातात घेतला. महादेव रसवंतीच्या बाकड्यावर झोपलेला सापडला तोवर कुंडलची गाडी केव्हाच गेली होती. वर्गात हजेरी घेताना कुणी गैरहजर असला, तर तो कुठे आहे हे कुणीतरी सांगेपर्यंत पुढचं नाव यायचं नाही. मुलं मग काहीही ठोकून द्यायची. "सर, तो औंधला यमाईला गेलाय," असं कुणी म्हणालं की सरांचा चेहरा निवळायचा. खरं-खोटं ते तपासत नसत. माणूस कुठंतरी आहे, एवढंच त्यांना हवं असायचं.

असा माणूस नेमका कॉम्प्युटरच्या खोलीत का जाऊन बसला, हे ती खोली पाहिल्यावर मला कळलं. चपला बाहेर काढून आत जायचं. आत थंडगार, आणि दिवसाही ट्यूबलाइट. भिंतीला लागून कपाटाएवढं यंत्र, त्याची अखंड घरघर, आणि अधूनमधून अंगावर आल्यासारखा खडखडणारा प्रिंटर. मुलं आपापला प्रोग्राम कागदावर लिहून आणायची, मी तो मशीनवर बडवून कार्डांवर भोकांच्या रूपात पंच करायची, आणि रबर लावलेला गठ्ठा यंत्रात जायचा. पहिल्यांदा कंपायलर नावाचा भाग प्रोग्रामची भाषा तपासायचा. तिथं पास झालं की मुलांना वाटायचं, सुटलो. पण खरी गंमत पुढेच असायची. प्रोग्रामात ज्या ज्या कामाचं नाव घेतलंय, ते ते काम करणारी कार्डं किंवा डिस्कवरचा साठा शोधून सगळं एकत्र जोडणारा दुसरा भाग असायचा, लिंकर. त्याला एखादं नाव सापडलं नाही की तो तेवढंच नाव कागदावर छापायचा आणि गप्प व्हायचा. मुलं रडकुंडीला यायची. पुढे मी सी नावाची नवी भाषा शिकले, तेव्हा पाच ओळींच्या साध्या प्रोग्रामलाही हीच तक्रार आलेली पाहून मला एकदम त्या खोलीतला गारवा आठवला होता.

सर अशा वेळी आधी प्रोग्राम बघायचेच नाहीत. कागद घेऊन दाराशी जायचे आणि लांबलचक व्हरांड्यात ते नाव मोठ्यानं पुकारायचे. मग कान देऊन थोडं थांबायचे. व्हरांड्यातून जाणारी मुलं हसायची. मग सर आत येऊन म्हणायचे, "बाहेर कुणी नाही. आता घरात बघू." आणि घरात, म्हणजे कार्डांत, तो बहुधा सापडायचाच. एकानं एका कामाला 'मोहोळ' असं आपल्या गावाचं नाव दिलं होतं आणि लिंकर म्हणत होता, मोहोळ नाही. सरांनी कार्ड उजेडाला धरलं, भोकं वाचली आणि म्हणाले, "आहे की. पण पोटात शून्य घेऊन बसलाय. तू इंग्रजी ओ अक्षराच्या जागी शून्य लिहिलंस." दुसऱ्यानं मार्कांचा तक्ता ठेवायला जागा सांगितलीच नव्हती आणि थेट 'मार्क्स' असं लिहून मोकळा झाला होता. त्याला म्हणाले, "तू घरात पेटी ठेवलीयस हे बोललाच नाहीस. त्याला वाटलं मार्क्स हा कुणी परगावचा पाहुणा. तो बिचारा गावभर विचारत फिरला." कुणाची अर्धी कार्डंच हॉस्टेलवर राहिलेली असायची. त्याला सर स्वतः सायकल द्यायचे.

एकच गोष्ट त्यांना खपायची नाही. नाव सापडेना तर त्या नावाचा एक रिकामा भाग घालायचा, काहीही न करणारा, म्हणजे लिंकर समाधान पावतो आणि प्रोग्राम पुढे चालतो. ही युक्ती सगळीकडे सर्रास चालायची. सरांच्या खोलीत ती चालायची नाही. एका मुलानं गुपचूप तसं केलेलं त्यांना दिसलं, तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त त्याच्या गठ्ठ्यातून ती कार्डं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नाव घेतलं की आत माणूस पाहिजे." ते इतक्या हळू म्हणाले की आम्ही कुणीच त्यावर हसलो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात एक मुलगा माझ्यापुढे कागद घेऊन उभा राहिला. "मॅडम, दत्तू कोण?" म्हणाला. पाच आकड्यांची सरासरी काढून तक्त्यात छापायची, एवढाच त्याचा प्रोग्राम. लिंकरनं खाली इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, दत्तू सापडत नाही. मी त्याचं एकेक कार्ड पाहिलं. दत्तू कुठंच लिहिलेला नव्हता. मी गठ्ठा पुन्हा घातला. प्रिंटर खडखडला, दत्तू. दुपारी एक मुलगी आली, तिचा प्रोग्राम वेगळा, खाली दत्तू. संध्याकाळपर्यंत वर्गातला जो कुणी साधा तक्ता छापायला गेला, त्या प्रत्येकाकडे यंत्रानं दत्तू मागितला. कुणीच न घेतलेलं नाव ते यंत्र घेत होतं.

थंड हवेच्या मशीनची देखभाल करायला पलूसचे बाबूभाई असायचे. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि दार लोटून घेतलं. "ताई, हे नाव सरांच्या म्होरं नगा धरू," म्हणाले. "दत्तू म्हंजी त्यांचा धाकटा भाऊ. मिलिट्रीत हुता. एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्यो ना मेल्याची खबर, ना जित्याची. बेपत्ता." ट्यूबलाइट बारीक आवाज करत होती. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर बाबूभाईंनी हवेच्या मशीनला लिंबू-मिरची बांधली होती, आणि माझ्याबरोबरची पंचिंगची मुलगी एकटी आत बसायला तयार नव्हती.

पण सरांपासून किती लपवणार. त्यांनी कागद पाहिला. सवयीनं दाराशी गेले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. व्हरांडा रिकामा होता. हाक काही फुटली नाही. मग ते आत येऊन प्रिंटरशेजारी बसले, त्याच मुलाचा गठ्ठा यंत्रात घातला आणि छापून आलेलं नाव वाचलं. पुन्हा घातला. त्या दिवसापासून हाच उद्योग सुरू झाला. दुपारी वर्ग नसला की सर अनवाणी पाय स्टुलावर घेऊन बसायचे, प्रिंटर खडखडायचा, कागद सरकायचा, दत्तू. ते जणू कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी मान हलवायचे. मी पंच करत पाठमोरी बसलेली असायची आणि तो आवाज आला की माझं बोट भलत्याच कळीवर पडायचं. घरी त्यांचं ताट परत जायला लागलं. आत्या जिन्याकडे बघत बसायची.

एका दुपारी मीच धीर केला. कपाटं धुंडाळली, बाबूभाईंना विचारलं, आणि मला कारण सापडलं. सुट्टीत डिस्क बिघडली होती. दुरुस्तीला आलेल्या माणसांनी कपाटातल्या जुन्या ट्रंकेतली कार्डं घालून साठा पुन्हा भरला होता. त्यात तक्ता छापायचा जो भाग होता, तोच आतून दत्तूला बोलवत होता, आणि दत्तूची कार्डं तेवढी ट्रंकेत नव्हती. मी हे सगळं सरांना एका दमात सांगितलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तो भाग माझाच. मुंबईला शिकत होतो तेव्हाचा. दत्तू सुट्टीवर आला होता, थेट वर्दीतच मला भेटायला. पंचिंग मशीन बघून म्हणाला, मला बडवू दे. एका बोटानं स्वतःचं नाव बडवलं. मी म्हटलं, फुकट नको घालवायला. तक्ता संपला की खाली चांदण्यांच्या चिन्हांची एक ओळ छापायची, त्या कामाला त्याचं नाव दिलं. लढाईनंतर एक दिवस मीच ते नाव खोडलं आणि ती कार्डं नदीत टाकली. दुसऱ्या दिवसापासून आजतागायत मला वाटतं, मी ते करायला नको होतं."

"म्हणजे ही जुनी प्रत आहे, सर. यात घाबरण्यासारखं काही नाही."

"कारण कळलं म्हणून हाक थांबते का?" एवढं म्हणून त्यांनी गठ्ठा पुन्हा यंत्रात घातला.

परीक्षा जवळ आली होती. वर्गाचे प्रोग्राम अडकून पडले होते. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, ते नाव खोडा, नाहीतर रिकामं काहीतरी घाला, मुलांचं वर्ष घालवू नका. सर दोन्हीला नाही म्हणाले. तेव्हा आत्या उठली. रविवारी आमच्या भाडेकरूंना घेऊन आपण त्यांच्या गावी जाऊ, असं तिनं जाहीर केलं, आणि तिनं जाहीर केल्यावर जायचं असतं. आम्ही तिघं दुपारच्या गाडीनं कुंडलला पोचलो. घर गावाच्या कडेला, अंगणापासून दहा पावलांवर ऊस सुरू. सरांची आई अंगानं वाळलेली, पण आवाज खणखणीत. आणि दत्तूची बायको इंदू, माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी असेल, न बोलता कामं उरकणारी.

दिवेलागणीला आईनं उंबऱ्यात दिवा ठेवला, अंगणात गेली आणि उसाकडे तोंड करून हाक मारली. "दत्तूऽ, ये रं बाळा, दिवं लागलं." मग ती गप्प उभी राहिली. सरही तिच्या मागे, तसेच कान पुढे करून. शेजारच्या अंगणात भांडी घासणारी बाई हात थांबवून बसली. ऊस सळसळला आणि थांबला. आत इंदूनं एक ताट जास्तीचं वाढून झाकून ठेवलं. हे रोजचं होतं. इतक्या वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती.

जेवायच्या आधी आई आत्याला म्हणाली, "तुमाला खोटं वाटंल, पर एकदा त्यानं ओ दिलीया. उसातनं. मी तापानं फणफणलेली हुते, तरी उठून हाक मारली, आन् उसातनं सरळ ओ आली. समद्यांनी कंदील घेऊन ऊस पालथा घातला. कुणी न्हवतं." सर मान खाली घालून ऐकत होते. "त्या दिसापास्नं मला ठावं हाय, त्यो हाय."

मी हात धुवायला मागल्या दारी गेले तर इंदू तिथं उभी होती. तिनंच हळूहळू सगळं सांगितलं. साताऱ्याच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला तिला बोलावणं आलं होतं. गेल्या वर्षीही आलं होतं, त्याच्या आधीही. दत्तू आला आणि तू घरात नसलीस तर, असं म्हणून दर वेळी राहिलं. गावातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, सात वर्षं उलटली, आता दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, पोरीला मोकळी करा. आई म्हणायची, थोरला हो म्हणाला तर करू. आणि थोरला काही हो म्हणत नव्हता.

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?" मी विचारलं.

तिनं पदर सावरला, सरळ माजघरात गेली आणि सरांसमोर खाली बसली. मी दारात राहिले. "दादा," ती म्हणाली, "उसातनं ओ दिली ती मीच."

आई चुलीकडे बघत होती.

"सासूबाई तापात हुत्या. उठाया येत न्हवतं तरी हाक मारत हुत्या. ऐकवंना मला. उसात शिरले, तोंडावर पदर घेतला आन् दिली ओ. म्हटलं, एक रात तरी निवांत झोपतील. मग कंदील घेऊन समदी धावली. तवा कशी बोलू? बोलंन बोलंन म्हणता इतकी वर्सं गेली."

सरांनी विचारलं, "आयेला बाईचा आवाज कळला न्हाई व्हय?"

"कळला असंल," इंदू म्हणाली. "त्यांनी कळून घेतला न्हाई."

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती नाही म्हणाली नाही. राखेत लाकूड फिरवत म्हणाली, "लय बारीक आवाज हुता. दत्तूचा भरड." मग पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "जेवाया वाढ त्यास्नी." त्या संध्याकाळी झाकलेलं ताट सरांनी स्वतःपुढे ओढलं आणि त्यातलं अन्न खाल्लं. आत्या माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

पुढच्या आठवड्यात सकाळी कृष्णेच्या काठावर तो विधी झाला. भटजींनी दर्भ आणि पळसाच्या देठांचा पुतळा केला होता. माणसाएवढा नव्हता, लहानच होता. सरांनी त्यावर दत्तूचा जुना सदरा घातला आणि त्याच्या बाह्या नीट केल्या, जशा आपण शाळेत जाणाऱ्या पोराच्या करतो. मी आत्याबरोबर लांब उभी होते. ज्वाळा अंगावर येईपर्यंत तो सदरा हलत होता, वाऱ्यानंच, पण आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. इंदू शेवटपर्यंत ताठ उभी होती. त्याच महिन्यात ती साताऱ्याला गेली. तिची ट्रंक गाडीच्या टपावर चढवून द्यायला सरांची आईच आली होती म्हणे.

सर सुट्टी संपवून कॉलेजात आले ते थेट माझ्या पंचिंग मशीनपाशी. "उठा जरा, ताई," म्हणाले. मी उठले. त्यांनी तीन कार्डं घेतली. पहिल्यावर त्या कामाचं नाव बडवलं, दत्तू. एका बोटानं. रिकाम्या भागात नाव आणि शेवट यांच्यामध्ये दुसरं काही लागतच नाही, फक्त एक शब्द लागतो, रिटर्न, म्हणजे ज्यानं बोलावलं त्याच्याकडे परत ये. तो त्यांनी दुसऱ्या कार्डावर बडवला आणि ते कार्ड उजेडाला धरून बराच वेळ भोकांतून बघत राहिले. मग तिसऱ्यावर 'एंड' बडवलं. मी न राहवून म्हटलं, नुसतं नाव खोडलं असतं तरी चाललं असतं. "एकदा खोडून बघितलंय," ते म्हणाले. "या वेळी नाव राहू दे."

कार्डं यंत्रात गेली. लिंकर काही बोलला नाही. प्रिंटरनं पाच आकड्यांची सरासरी छापली, खाली चांदण्यांच्या ओळीची जागा मोकळी सोडली आणि थांबला. बाबूभाईंनी मशीनवरची लिंबू-मिरची काढून खिशात घातली. मुलांची परीक्षा वेळेवर झाली.

त्यानंतर व्हरांड्यात नावं पुकारणं हळूहळू कमी झालं. सर बाकीच्यांसारखे जागेवर बसून कार्डं तपासू लागले. काम लवकर व्हायला लागलं. मुलांना ते बरं वाटायचं आणि चुकल्यासारखंही वाटायचं. मलाही.

एका संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं चालत घरी निघालो होतो. नदीच्या अंगानं वारा सुटला होता. रस्त्यात कुणीतरी शिट्टीवर गाणं वाजवत सायकलवरून गेला. सर त्याच्याकडे बघून हसले. "दत्तूला शिट्टी वाजवता यायची नाही," म्हणाले. "ओठांचा नुसता चंबू करायचा आणि हवा सोडायचा. वर वाजली म्हणून सांगायचा. गूळ मात्र लय खायचा." यंत्रानं ते नाव घ्यायला लागल्यापासून घरी दत्तूविषयी ते जेव्हा केव्हा बोलले होते, तेव्हा दत्तूला गूळ आवडतो, दत्तू उशिरा उठतो, असंच, तो आत्ता असल्यासारखं, बोलले होते. त्यांना स्वतःला ते जाणवलं की नाही, कोण जाणे. ते पुढचं सांगत होते, आणि घर येऊन गेलं तरी आम्ही तसेच पुढे चालत राहिलो.